प्रश्न चौदावा

बेटावरच्या एकशे बारा घरांत मी फॉर्म घेऊन फिरलो.
वय. शिक्षण. घरात माणसं किती.
भुयारी आसरा चालत किती मिनिटांवर.
आणि चौदावा :
शेजारी देशाकडे अणुबाँब आहे
हे धरून चालून
आपण जगू शकता का?
होय. नाही. सांगता येत नाही.
कृपया एकाच चौकटीत खूण करावी.

ओक-बुन बाई ओहोटीबरोबर खाली गेलेल्या.
किनाऱ्यावर काँक्रीटचे सुळे रोवलेत ओळीनं,
पलीकडून कुणी नावेतून उतरू नये म्हणून.
सुळ्यांवर कालवं धरलीयत.
बाई आकडीनं एकेक फोडतात,
गर डब्यात, शिंपला चिखलात.
मी वाऱ्यात कागद सावरत उभा.

"कालवांना विचारलंस?" त्या म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

आसऱ्याची किल्ली त्यांच्या कमरेला असते.
लोखंडी दारामागे एकशे वीस पांघरुणं,
पाणी, टॉर्च, बिस्किटांची पेटी.
दर तीन वर्षांनी बिस्किटांची तारीख उलटते,
नवी पेटी येते, जुनी कोंबड्यांना जाते.
"सहा पेट्या खाल्ल्या कोंबड्यांनी.
याला जगणं म्हणायचं, तर लिही होय.
अंडी बाकी झकास देतात."

"त्यांनी डोंगराच्या पोटात तो मोठा बार उडवला
त्या दिवशी मी मुळे खारवत होते.
मोबाइल किंचाळला.
टीव्हीवर कुणी साहेब, हातात काठी, मागं नकाशा.
मी हात धुतले.
मग वाटलं, हात कशाला धुतले?
परत मिठात घातले."

वरच्या अंगाला दो-शिकचं घर.
खेकड्याच्या जाळ्यावरून मान न उचलता म्हणाला,
त्यांच्याकडे आहे, तर आपल्याकडेही हवा.
आणि 'नाही'वर अशी फुली मारली
की कागद फाटला.
त्याच्या मागं, घरावर चढवलेल्या दुसऱ्या मजल्याचं
सिमेंट अजून ओलं होतं.

हवा स्वच्छ असली की पलीकडचा किनारा दिसतो.
बोडका डोंगर, एखादी धुराची रेघ.
ओक-बुन बाईंनी आकडीनंच दाखवला.
"तिथं माझी बहीण. बोंग-न्यो.
युद्धाच्या वर्षी
मी आईच्या पाठीवर होते, म्हणून इकडे.
ती चालत होती, म्हणून तिकडे.
असलीच, तर ऐंशीला टेकली असेल.
तिच्याही दारात कुणी येत असेल का रे, फॉर्म घेऊन?
घरच्या बाँबसकट जगू शकता का, विचारायला?
का तिथं चौकट एकच असते?"

मी म्हणालो, तसं काही फॉर्ममध्ये नाही.

पाणी परत फिरलं होतं. पहिल्या सुळ्याचा बुंधा भिजला.
त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.
"कुलपाला मी दर सोमवारी तेल घालते.
एखाद्या सोमवारी विसरले,
तर समज, शिकले मी त्याच्यासोबत राहायला.
तेव्हा घाबर.
दे ते पेन."

ओल्या हातानं त्यांनी
तिन्ही चौकटी भरल्या.

मुख्यालयानं कळवलं : एकशे अकरा वैध, एक बाद.
टक्केवारी निघाली, अहवाल निघाला,
त्यावर बोलायला मोठी माणसं लांबलांबच्या शहरांतून आली,
जगाला हे परवडेल का,
जेवणाआधी एक बैठक, जेवणानंतर एक.
पाण्याच्या बाटल्यांवर तारीख होती. मी वाचली.

बाद फॉर्म माझ्या बॅगेत आहे,
कालवाच्या पाण्यानं कडेला आकसलेला,
अजून थोडा वास मारतो.

आज सोमवार.
घातलं असेल तेल.