मंगळवार

दरवर्षी जानेवारीत मला एक तारीख काढून द्यायची असते.
गृहीत असं धरायचं, की एक तारखेपासून
अख्खा पोर्तुगाल फक्त आपल्याच पाण्यातला मासा खातोय.
मग ताटं रिकामी कधी होतील?
यंदा उत्तर आलं: एप्रिलचा दुसरा आठवडा, मंगळवार.
तीनदा तपासलं. मंगळवारच.

संचालकांनी विचारलं, ईस्टरच्या पुढे नाही का ढकलता येणार?
म्हटलं, तारलीवरची बंदी उठवलीत तर जाईल चार दिवस पुढे,
आणि पुढच्या वर्षी आठ दिवस मागे येईल.
ते चष्मा पुसत बसले.

शनिवारी इल्यावूला आईकडे गेलो.
मोरीजवळच्या टोपात बाकाल्याव भिजत होता,
फळीसारखा ताठ, नॉर्वेचा.
झुल्मिरा रात्रीतून दोनदा उठते त्याचं पाणी बदलायला,
तान्ह्या पोराचं दुपटं बदलावं तशी.
तिला मंगळवार सांगितला.
"मग बुधवारी कोण जेवू घालतं आपल्याला?"
नॉर्वे, म्हटलं. मॉरिटानियाचे ऑक्टोपस. अर्जेंटिनाची कोळंबी.
विएतनामचा एक पांढरा मासा, त्याला चव नाही, पण काटेही नाहीत.
"म्हणजे आठ महिने आपण पाहुणे."

मग टोपावर झाकण ठेवत,
"आणि तुझा बाप कुठून आणायचा रे?"

न्यूफाउंडलंड. सहा-सहा महिने.
एका माणसाची होडी, गळ, धुकं,
जहाजाची घंटा ऐकू आली तर परतायचं.
आमच्या गल्लीत चार घरांत फोटो आहेत,
ज्यांना ती ऐकू आली नाही त्यांचे.
बाबांच्या तळहातांवरच्या मिठाच्या चिरा
मी लहानपणी बोटाने मोजायचो.
मोजायची खोड तिथलीच असावी.

"तो मासा तरी कुठे आपला होता?
माणूस आपला जायचा, एवढंच.
आता नुसते पैसे जातात.
लिही कागदावर, सोपं झालंय."

माझ्या तक्त्यात तसा रकाना नाही.

रात्री तिने बाकाल्याव वाढलाच नाही.
"मीठ सुटलं नाही अजून. तो उद्या."
तव्यावर बांगडे होते, शेजारच्या ऑर्तेन्सियोच्या जाळ्यातले,
धक्क्यावर कुणी बोली लावली नाही म्हणून
पिशवीतून बर्फासकट घरी आलेले.
असेच बांगडे गोठवून आपण टनावारी बाहेर धाडतो,
पिंजऱ्यातले टुना पोसायला.
तो आकडा मला तोंडपाठ आहे.

"हे धरलेस का रे हिशेबात?"
धरलेत. निर्यातीत.
"मग मंगळवारचा बुधवार कर,"
म्हणत तिने डोक्याकडचा तुकडा माझ्याकडे सारला.
काटे बारीक होते. बोलता आलं नाही.

सोमवारी फाइल उघडली.
दुरुस्तीचं कारण, या रकान्यात लिहिलं:
बांगडे, सहा. शेजाऱ्याचे.
थोडा वेळ राहू दिलं, मग पुसलं.
लिंबाने धुऊनही बोटांना वास होता,
कीबोर्डालाही लागला.