वजनासकट

घाटंजीत बसस्टँडमागं, पिठाच्या गिरणीला लागून
एक शटर. पाटी नाही. खडूनं लिहिलंय फक्त: शॉकअप.
आत शेवंता कोवे. सात वर्षं वाळूजच्या कंपनीत
याच एका नळीच्या लाईनवर उभी होती,
मग उठून गावी आली.
"मिस्त्री कुठं गेला?" विचारणाऱ्याला ती म्हणते,
"गाडी सरळ उभी करा."

माझी सरळ उभी राहत नव्हती.
कारण मी सांगायला घेतलं: पारव्याचा रस्ता,
काळी माती फाटते, डांबर तिच्यासोबत फाटतं,
आणि त्यावरून मी रोज नव्वद किलोमीटर.
तिनं ऐकलं नाही. शिंप्याचा टेप काढला,
आसापासून सीटखालच्या बोल्टपर्यंत लावला.
आधी मागचं चाक अधांतरी.
मग गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर.
मग म्हणाली, "बसा."

बसलो.
"असे नाही. रोज बसता तसे."
रोज कसा बसतो ते मला बसून दाखवता येईना.
"वजन?"
पासष्ट, म्हणालो.
गिरणीच्या काट्यावर उभं केलं. एकाहत्तर.
"आता बॅग. बूट. अन् हे कॅन कायचं?"
नायट्रोजनचं. गाईम्हशी फळवतो मी, गावोगाव.
"त्यात काय हाय?"
चाळीस वळू, म्हणालो. गोठलेले. एका काडीत एक.
ती हसली नाही. शटरवर लिहिलं:
डॉक्टर ७१. बॅग ६. कॅन ११. वळू ०.

पुढच्या दोन्ही नळ्यांतून तेल सोडलं.
परातीत आलं ते काजळ धुतल्याचं पाणी.
"किती वर्षं झाले?"
घेतल्यापासून कुणी उघडलंच नव्हतं.
"स्प्रिंग मार खाते," ती म्हणाली, "तेल तिले हळू उठवते.
तेल मेलं का मंग उठते, पडते, उठते, पडते.
एका खड्ड्याचे चार होते."
मग गप्प. सिरिंजनं नवं तेल मोजलं,
रेघेवर एक डोळा बारीक करून,
मी लस भरताना करतो तसाच.
पीव्हीसी पाइपाचा करंगळीएवढा तुकडा कापून
स्प्रिंगवर बसवला.
मागं डावा शॉकअप तिसऱ्या खाचेत, उजवा दुसऱ्या.
"हे कोनं केलं?"
मीच. एकदा, भर दुपारी, हाती आला त्या पान्यानं.
तिनं पान्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

पुढच्या चकचकीत नळीला काळा केबल टाय बांधला.
"हा किती वर सरकते ते पाहू. पाचशे किलोमीटरनं या."
साडेसहाशे झाले. मी पाचशे पुढं केले.
तिनं खडू उचलला: बाकी १५०.

दुसऱ्या दिवशी कॅनचं झाकण वाजलं नाही.
आठ वर्षं वाजत आलं होतं ते.
वेशीवरची खडखड ऐकून बाया गाय बांधून ठेवायच्या,
पोरं ओरडायची, काडीवाला आला, काडीवाला आला.
आज देवकाबाई मडावीच्या अंगणात मी उभा
आणि गाय पार टोकाला, तुरीत.
"हॉर्न त मारायचा न बावा," ती म्हणाली,
"तू आला हे समजावं कसं आमाले?"
तासभर गाईमागं पळालो, बॅग पाठीवर,
माजाची वेळ टळत चाललेली,
आणि कंबर, खरं सांगतो, दुखत नव्हती.

पाचशेवर सत्तावीस झाले तेव्हा गेलो.
शेवंता गुडघ्यावर बसली. नळीवर धुळीची रेघ,
रेघेवर टाय. दोन बोटं लावून अंतर पाहिलं.
"नाल्यापाशी ब्रेक उशिरा मारता तुमी."
नाल्यापाशी तर कुणीच नव्हतं.
दीडशे दिले. तिनं बाकी पुसली, बोटानं,
वरची ओळ तशीच ठेवली.
"वळू कमी झाले काय?" म्हणाली, "गाडी हलकी लागते."
हे म्हणताना हसली की नाही, कळलं नाही.
गिरणी सुरू झाली होती.