दर्या भिंतीच्या मागं

चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही, चाचा.
अंगठी, पट्टा, शंभर फिल्सचं एक नाणं
त्यांनी निळ्या ट्रेमध्ये मुकाट ठेवलं.
किल्ली तेवढी मुठीत.
मुलगा म्हणाला, बस भंगारात जाऊन सहा वर्षं झाली.

अब्दुल्लतीफ सारंग, वय एकाहत्तर.
राहणार मुहर्रक, मूळ दाभोळ.
एकतीस वर्षं शाळेची बस.

"तू खयची?" त्यांनी विचारलं.
मिरजेची.
"हां. लांब हय."
मी उशी सरळ केली, कानात बोळे घातले.
"तू खयची?"
मिरजेची, चाचा.

यंत्र ठोकू लागलं,
गलबताला कलाफती चालल्यासारखं.
पडद्यावर एकेक काप उतरला
आणि कानाच्या आतल्या अंगाला, दोन्हीकडे,
तो दिसला :
मान वाकवलेला, शेपूट आत घेतलेला घोडामासा.
पुस्तकात त्याचं ग्रीक नाव आहे.
मला कोकणातलंच बरं वाटतं.

करंगळीएवढा जीव.
आज घडलेलं हाच धरून ठेवतो,
रात्री झोपेत थोडं थोडं वर पोचवतो.
कुठल्या कोपऱ्यावर वळायचं
तेही याच्याचकडे.
सारंगांचा सुकला होता.
भोवती काळं पाणी चढलेलं.

सकाळी डॉक्टरांनी खिडकीशी उभं करून विचारलं होतं,
समुद्र कुठल्या बाजूला?
त्यांनी मॉलच्या पार्किंगकडे बोट केलं.
"दर्या तो काय, त्या भिंतीच्या मागं."
शून्य गुण.

दारावर बू राशिद असतो, जुना पहारेकरी.
त्याला सहज विचारलं.
तो हसला. पार्किंग कसलं, म्हणाला,
तिथं माझा बाप होडी बांधायचा.
मग भर टाकली, दर्या मागे लोटला.
बाप बुडी मारणारा;
कातडी पिशवी घेऊन तळाशी जायचा
आणि खाऱ्याच्या खालून गोडं पाणी भरून आणायचा.
झरे होते तेव्हा.

मी असते तर अर्धा गुण दिला असता.

थांबे मात्र अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पाठ.
निळं दार, दोन बहिणी, धाकटीला चष्मा.
बेकरीचा कोपरा, हमद, रोज उशीर.
पिवळी टाकी, तिथं हॉर्न नाय मारायचा, आजी आजारी हय.
ती पोरं आता बाप झाली असतील,
आजी तर केव्हाच.

आणि मी विचारलं,
दाभोळला गेल्यावर काय करणार?
तेवीस तारखेचं तिकीट आहे, एकेरी.
ते छताकडे बघत राहिले.
दुःख नव्हतं चेहऱ्यावर, काहीच नव्हतं,
पाटी पुसल्यावर उरते तेवढी ओल.
उद्या काय आकाशातून पडतो?
तोही हाच प्राणी रचतो,
कालच्याच फळकुटांतून.

"तू खयची?"
या खेपेला माझ्या तोंडून निघालं,
दाभोळची.

काय उजळले!
कुठला मोहल्ला, कुणाची, जेटीजवळ की वर,
मी थापा मारत गेले, मारत गेले,
एक आत्याही बनवली, तिचं आंब्याचं झाड, त्यावरून भांडण.
त्यांना ते भांडण माहीत होतं.

सहा मिनिटं झाली असतील.
पुन्हा, "तू खयची?"
गेलं होतं सगळं. आत्या, झाड, मी.
पण चेहरा तसाच होता, उजळलेला,
आणि का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.
मला होतं.
माझा घोडामासा शाबूत आहे,
खोटं बोलल्याचं आता मीच वागवायचं.

अहवालात लिहिलं : वयाच्या मानाने आकार कमी, डावीकडे अधिक.
आनंदासाठी रकाना नसतो.

मुठीतली किल्ली शेवटी मुलानेच काढली होती.
निघताना मी ती परत दिली.
"कोणाची ही?" म्हणाले, उलटसुलट बघत.
आणि चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या
उजवा हात थोडा पुढे गेला,
हवेत नेमक्या उंचीवर,
आणि मनगट वळलं.