बोर्ड

वेंगुर्ल्याच्या बंदरावर
तिरोडकर हे आडनाव माझ्या हातचं.
सखारामपंत गेले, विलासबाब आले,
मी फक्त पुढचं नाव खरवडलं
आणि आडनावावर दर निवडणुकीला
आणखी एक हात मारला.

मग ऊर्जिता.
आधी मासळीची नावं शिकली, मग विकणारणींची.
दुसऱ्या टर्मला त्या टोपल्यांसकट
तिच्या गाडीत बसायच्या, ड्रायव्हर नाक धरून.

पडली तीनशे अकरा मतांनी.
परवा तोच ड्रायव्हर आला:
मेस्त्री, पुढे 'माजी' घाला.
घालू कुठे? आडनावानं पत्र्याची कड गाठलेली.

संध्याकाळी ती स्वतः आली, वहाणा हातात.
म्हणाली, आडनाव काढा, जागा होईल.

कालपासून पट्टी घासतंय.
पत्र्याक भोक पडात,
पण ता सुटूचा नाय.