अकरा कूलर

अक्षय तृतीयेला आमच्याकडे दानाची बैठक असते.
आमरस, कुरडया, मग चेकबुक.
मकरपुऱ्यात आमचे पंप बनतात,
म्हणून पाणी हा घरचाच विषय:
आजोबांच्या नावाने अकरा शाळांना अकरा कूलर,
प्रत्येकावर संगमरवरी पाटी,
कै. त्र्यंबक विनायक कारखानीस यांच्या स्मरणार्थ,
आणि खाली, जरा बारीक अक्षरात, आम्ही सगळे.

दान सत्पात्री असावं, काकू नेहमी म्हणते.
पात्र आम्ही दर वेळी स्टेनलेस स्टीलचं निवडलं.

यंदा काका म्हणाले, बारावा देऊ, बेचाळीस हजार.
मी म्हटलं, आधीचे अकरा बघून येते.
कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी रसावर तूप मागितलं.

डभोईच्या वाटेवरची सातवी शाळा.
पाटी लख्ख पुसलेली. (फोन करून गेले होते.)
नळ फिरवला, तो नुसताच फिरला.
बिल झेपेना म्हणून प्लग काढलेला,
टाकीत खडूंची खोकी
आणि कुणाची तरी एक चप्पल.

निरुपाबेन म्हणाल्या, खोटं कशाला बोलू,
हातपंपाचं पाणी गोड आहे आमचं.
सातवीनंतर मुली गळतात, ते संडासापायी.
चार आहेत. चार दाते, चार पाट्या.
धुणारं कुणी नाही.
रमीला येईल, महिना साडेतीन हजारांत,
पण तीन वर्षं चुकवायचं नाही, आणि...
पुढचं त्या बोलल्या नाहीत. चहा आला.

साडेतीन गुणिले बारा.
गाडीत बसून मी दोनदा केला तो हिशेब.

घरी काकांनी विचारलं, पगारावर पाटी कुठे लावणार?
ते चेष्टा करत नव्हते.
काकूने विचारलं, तीन वर्षांनी काय?
हात धरायचा आणि सोडायचा?
हा प्रश्न खरा होता.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

बाबा मात्र उठले, कपाटातून
कारखान्याची जुनी सर्व्हिसिंगची वही काढली.
आजोबांचं अक्षर: पंप नंबर, गाव, तक्रार,
कोण गेलं, पाणी चढलं का.
पंप विकला म्हणजे काम संपलं, असं
त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.
दानाची अशी वही आमच्यात कुणी घातली नव्हती.

मागची पानं कोरी होती.
बाबांनी पहिल्यावर लिहिलं, सातवी शाळा.
तक्रार या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.

बारावा कूलर काकांनी दिलाच,
स्वतःच्या खिशातून, व्याह्यांच्या शाळेला.
त्यावरून अजून थोडं अवघडलेलं आहे.

श्रावणात मी पुन्हा गेले, न कळवता.
फिनेलचा वास. दारामागे ओला खराटा.
रमीला पायरीवर भाकरी खात होती.
मी कोण, हे तिला माहीत नव्हतं.
जरा सरकून तिने मला जागा दिली.