एकास बारा

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या,
सहा-सहा इंचांच्या.
चौतीस वर्षं आम्ही त्या मोजल्या नव्हत्या.
मिरजेच्या दवाखान्यातून पद्मल
खुर्चीवर बसून डिग्रजला परत आली
तेव्हा त्या पहिल्यांदा दिसल्या.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातला तोलार.
हळदीच्या पोत्याला नुसता हात लावून
किलोभराच्या फरकानं वजन सांगायचो.
पण उतार मला एकच ठाऊक:
हमालांची फळी,
जमिनीपासून ट्रकच्या फाळक्यापर्यंत
छातीवर येणारी.
तसाच ओतला सिमेंटमध्ये,
भाचा आणि मी, दोन दिवसांत. चार फूट.
वर झाडूचे फराटे ओढले, शोभेला.

तिनं उंबऱ्यातून खाली पाहिलं.
दोन्ही चाकांचे ब्रेक ओढले.
"मी हळदीचं पोतं न्हवं,"
एवढंच म्हणाली, आणि आत वळली.
मग अकरा दिवस
मागचं दार उघडलंच नाही.

मकबूल गवंडी आला तो पारदर्शक नळी घेऊन.
नळीत पाणी. एक टोक माझ्या हातात,
दुसरं घेऊन तो कंपाउंडपाशी वाकलेला.
"काका, गप धरा. तोलार ना तुम्ही?
हात हलतोय."
पाणी थांबलं. त्यानं विटेवर खूण केली.
"एकास बारा," म्हणाला.
एक फूट चढायचं तर बारा फूट चालायचं.
दीड फुटाला अठरा.
माझं परसू चौदा फूट.

तेव्हा उतार कढीलिंबापाशी वळवला.
वळणावर पाच बाय पाचचा सपाट थांबा,
कुणाची माफी न मागता
खुर्ची फिरेल एवढा.
पपई त्यात गेली.
धुण्याचा दगडही जायचा होता,
तो तिनं जाऊ दिला नाही.
"उचला त्याला, माझ्या गुडघ्यांवर आणा."
चौघांनी उचलून विटांच्या दोन खांबांवर ठेवला.

फरशी शहाबादी. खरबरीत अंग वर.
मला पॉलिशची हवी होती,
पाहुण्यांनी बघावी अशी.
मकबूलनं माझ्याकडे पाहिलंच नाही, तिला विचारलं.
वाफेही तिलाच विचारून:
ओट्यासारखे, खाली पोकळ,
पाय आत जातील असे.
"हात लांब करा, भाभी."
तिनं केला.
जिथं बोटं संपली
तिथं त्यानं कोळशानं रेघ मारली,
आणि बागेची हद्द ठरली.

आखितीला तिनं हळदीचे गड्डे लावले.
बाजूला शेपू, अबोली,
आणि गवती चहा, ज्याला सगळ्यात जास्त पाणी पडलं,
कारण तो दाराजवळ.
दाराला आता बाहेरूनही कडी आहे,
खाली, तिच्या हाताला येईल अशी.
ती मी लावली. चुकीच्या बाजूला लावली आधी,
ते सोडा.

भाद्रपदात एक दिवस
चहा घेऊन बाहेर आलो तर फरशी रिकामी.
उतारावर नाही, वाफ्यांशी नाही.
फरशीच्या काठावरून दोन रेघा
चिखलात उतरलेल्या, शेवग्यापर्यंत.
तिथं खुर्ची, अर्धं चाक रुतलेलं,
आणि पद्मल भिंतीपलीकडच्या रेहानाशी
निवांत बोलत होती.
पातळ दह्याचं काहीतरी.

तिथं मी फरशी घातली नव्हती.
तिकडं तिचं काय काम,
असं माझं मीच ठरवलं होतं.

मी मागून मुठींना हात घातला.
"ढकलू नगा," मागं न बघता म्हणाली.
"आधी मकबूलला फोन लावा.
हितनं फरशीपतोर किती फूट भरतंय?"

कपबशी शेवग्याच्या बुंध्याशी ठेवली.
चप्पल चिखलात राहिली एक.
मी टाच-अंगठा, टाच-अंगठा लावत
मोजायला लागलो.
सहा. सात.
ती परत रेहानाकडे वळली.