अक्षरी रुपये

चौतीस वर्षं कॅश काउंटरला.
खोटी नोट माझ्या अंगठ्याला आधी कळायची,
डोळ्यांना नंतर.
लक्ष्मी रोडच्या शाखेत, दिवाळीच्या आठवड्यात
न बघता एक बाजूला काढायचे:
ही बदलून आणा.
समोरचा ओशाळायचा.
ओशाळणं म्हणजे काय
ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आवाजाला अंगठा लावता येत नाही.

तो म्हणाला, दार लावून घ्या. लावलं.
कॅमेरा बंद करायचा नाही.
फोन पोळपाटाला टेकवून ठेवला.
दोन दिवस, मधली एक रात्र, दिवा न मालवता.
शेजारच्या कुमुदताईंनी कढीपत्त्यासाठी बेल वाजवली
आणि मी आत श्वास धरून.
मोरीत जायचं तेही विचारून.
मुदतीला अकरा दिवस उरलेले असताना एफडी मोडली.
व्याज बुडतंय याची चुटपुट
तेव्हाही लागलीच, गंमत बघा.

शिवाजीनगरला फॉर्म भरला.
तारीख, वेळ, खाते क्रमांक, रक्कम अंकी,
रक्कम अक्षरी.
हात सवयीने पुढे गेला:
एकवीस लाख चाळीस हजार फक्त.

फक्त.
तिथेच बाकावर रडले.
शेजारी खाकी शर्टातले एक रिक्षावाले, रोहिदास भालेकर,
त्यांची पाळी यायची होती.
म्हणाले, शनिवारी पद्मावतीला या.
भाच्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, चारनंतर वर्ग मोकळा असतो.

तोवर सगळ्यांनी एकच विचारलं होतं.
मुलाने टोरांटोहून, बहिणीने सहकारनगरहून:
तुला कसं कळलं नाही? तू तर बँकेतली.

पद्मावतीच्या त्या खोलीत हे कुणी विचारत नाही.
विचारतात, झोप लागते का.
अनोळखी नंबर आला की घास हातातच राहतो का.
भिंतीभर वाहतुकीच्या खुणा. पुढे तीव्र वळण. थांबा.
कोपऱ्यात कशालाच न जोडलेलं स्टिअरिंग,
बोलताना कुणी ना कुणी ते फिरवत बसतं.
शाहीन बागवान, कोंढव्याच्या. होणाऱ्या नवऱ्याचं पार्सल सोडवायला
बांगड्या विकल्या; त्याचे व्हॉइस मेसेज
अजून पुसवत नाहीत.
तेजस गुर्जलवार, चोवीस वर्षांचा, नांदेडचा.
नोकरीसाठी पैसे भरले, नोकरी नव्हतीच.
रोज डबा घेऊन खोलीवरून निघतो,
तळजाईवर बसून खातो.

पाचव्या शनिवारी मी बोलले.
रक्कम सगळ्यांना सांगून झाली होती,
हे नव्हतं सांगितलं. फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता.
दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोकत होता.
मी म्हणाले, साहेब, मीठ-हळदीच्या गुळण्या करा.
आणि मग, जेवलात का तुम्ही?
पैसे गेले ते गेले.
पण मी त्याला जेवलात का विचारलं.

कुणी हललं नाही.
मग भालेकर घसा साफ करत म्हणाले,
मी तर माझ्यावाल्याला पोरीच्या लग्नाचं आवतण दिलं होतं.
सहकुटुंब या म्हणालो.

हसू आधी शाहीनला फुटलं, ओढणीत.
मग प्लास्टिकच्या खुर्च्या हलायला लागल्या.
भाचा दारातून डोकावून गेला.
तेजस हसता हसता कधी रडायला लागला
ते कळलं नाही; कुणी त्याला थांबवलं नाही.
स्टिअरिंग त्याच्याकडे सरकवलं, एवढंच.

एक लाख बारा हजार कुठल्याशा खात्यात गोठलेत म्हणे.
बाकीच्याची आशा मी धरत नाही.
कुमुदताईंना सांगून टाकलं, कढीपत्ता देताना, उंबऱ्यातच.
रात्री दिवा मालवते. कधी दोनला उठून पुन्हा लावते.

काल एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.
दारात उभे राहून भिंतीवरच्या खुणा वाचत राहिले,
जणू परीक्षा आहे.
मी खुर्ची पुढे केली. किती गेले, विचारलं नाही.
जेवलात का?
ते म्हणाले, नाही.
शाहीनने डबा उघडला.